एम४बी, एमपी३ आणि पेनड्राइव्ह: ऑडिओबुक प्लेअरवर नीट का वाजत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची दृष्टी अधू झाली आहे. त्यांच्यासाठी इंटरनेटवरून मोफत ऑडिओबुकं उतरवली, ती एम४बी स्वरूपात आहेत. घरच्यांनी फोनवर वाचून रेकॉर्ड केलेली काही मराठी पुस्तकंही आहेत. त्यातलं बरंचसं एमपी३ करून पेनड्राइव्हवर टाकलं. पण पेनड्राइव्ह लावायच्या छोट्या प्लेअरवर काही फायली दिसतच नाहीत, एक पुस्तक दुप्पट वेगानं चिरक्या आवाजात वाजतं, प्रकरणांचा क्रम उलटसुलट लागतो, नावांच्या जागी चौकोन येतात आणि प्लेअर बंद केला की ऐकलेली जागा हरवते. तर चांगलं कन्व्हर्टर कोणतं?

कन्व्हर्टर बदलून यातली फार तर एक तक्रार सुटेल. तुम्ही पाच तक्रारी लिहिल्या आहेत आणि पाचांची कारणं वेगळी आहेत. बोलक्या पुस्तकांच्या कामात मला सगळ्यात जास्त वेळा हेच सांगावं लागतं की फाइल वाजली नाही म्हणून लगेच ती पुन्हा कन्व्हर्ट करू नका. आधी ती कशामुळे अडली ते बघा. प्रत्येक कन्व्हर्शनमध्ये आवाजाचा दर्जा थोडा उतरतो, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर वाचणाऱ्याचा ‘स’ आणि ‘श’ ओळखू येईनासा होतो. त्यामुळे मूळ एम४बी फायली आणि मूळ रेकॉर्डिंग एका वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा आणि जे काही कराल ते त्यांच्या प्रतींवर करा.

फाइलच्या नावापुढचं एम४बी, एम४ए किंवा ओजीजी हे डब्यावरचं लेबल असतं, आत कुठली भाजी आहे ते त्यावरून खात्रीनं कळत नाही. आत आवाज कोणत्या पद्धतीनं दाबून भरला आहे त्याला कोडेक म्हणतात. एम४बी आणि एम४ए हा मुळात एकच एमपीईजी-४ डबा आहे आणि आत बहुतेक वेळा एएसी कोडेक असतो. एम४बी हे शेपूट अॅपलच्या आयट्यून्सनं आणि आयपॉडनं रूढ केलं, म्हणजे ही फाइल पुस्तक आहे आणि थांबलेली जागा लक्षात ठेवायची आहे हे प्लेअरला कळावं. बरेच प्लेअर नुसतं शेपूट बघून फायलींची यादी करतात आणि त्या यादीत एम४बी नसतं. तुमच्या प्लेअरच्या माहितीपत्रकात एएसी किंवा एम४ए लिहिलेलं असेल, तर एका प्रतीचं शेपूट एम४बीवरून एम४ए करा आणि वाजवून बघा. वाजली तर कन्व्हर्ट करायची गरजच उरत नाही आणि आवाज जसाच्या तसा राहतो.

एक अट लक्षात ठेवा. एएसीचेही प्रकार आहेत. साधा एएसी-एलसी जवळपास सगळीकडे चालतो. एचई-एएसीमध्ये वरच्या पट्टीतला आवाज वेगळ्या युक्तीनं साठवलेला असतो, आणि ज्या जुन्या चिपला ती युक्ती येत नाही ती फक्त खालची पट्टी वाजवते. आवाज तोंडावर जाड चादर धरून बोलल्यासारखा दबका येतो, एरवी सगळं ठीक वाटतं. असा दबकेपणा दिसला तर फाइल खराब आहे असं समजू नका. तिला एमपी३ करणं हाच उपाय आहे.

आता दुप्पट वेगाचं पुस्तक. हे खरंच कन्व्हर्शनचं दुखणं आहे. संगणकावर मीडियाइन्फो नावाचा मोफत प्रोग्रॅम टाका आणि ती फाइल त्यात उघडा. माझा अंदाज आहे की तिथे फॉरमॅट एमपीईजी ऑडिओ, व्हर्जन २, लेअर ३ आणि सॅम्पलिंग रेट २२.०५ किलोहर्ट्झ असं दिसेल. सॅम्पलिंग रेट म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले आहेत तो आकडा. एमपी३ हे एकच नाव असलं तरी त्यात तीन घराणी आहेत. एमपीईजी-१ मध्ये सॅम्पलिंग ३२, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ असतं. एमपीईजी-२ मध्ये १६, २२.०५ किंवा २४. त्याच्याही खाली ८, ११.०२५ आणि १२ किलोहर्ट्झची २.५ नावाची पुरवणी आहे, जी अधिकृत मानकात कधी आलीच नाही. स्वस्त प्लेअर आणि गाड्यांमधले जुने स्टिरिओ पहिलं घराणं धरून बनवलेले असतात. त्यांना २२.०५ची फाइल दिली तर काही ती नाकारतात आणि काही ती ४४.१ समजून वाजवतात. ४४.१ म्हणजे २२.०५च्या बरोबर दुप्पट, म्हणून वेग दुप्पट आणि आवाज चिरका.

ही फाइल २२.०५ची झाली कशी? दोन शक्यता आहेत. बोलण्याच्या कितीतरी फायली जागा वाचवण्यासाठी मुळातच २२.०५वर असतात आणि कन्व्हर्टर तोच आकडा पुढे नेतो. किंवा तुम्ही बिटरेट (म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाला किती बिट द्यायचे तो आकडा) कमी ठेवून स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा असे दोन चॅनल, निवडलं असेल. बहुतेक मोफत कन्व्हर्टरच्या पोटात लेम नावाचा एन्कोडर, म्हणजे आवाज दाबून एमपी३ बनवणारा भाग, असतो. कमी बिटरेटमध्ये दोन चॅनल बसवताना आवाज फार बिघडू नये म्हणून तो सॅम्पलिंग आपणहून खाली आणतो, आणि त्याचा तो निर्णय पडद्यावर सहसा दिसत नाही.

म्हणून सेटिंगमध्ये ‘ऑटो’ किंवा ‘मूळ फाइलप्रमाणे’ असं काही ठेवू नका. चारही गोष्टी हातानं भरा: ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो (एकच चॅनल), ६४ केबीपीएस, आणि बिटरेट स्थिर. एका माणसाच्या वाचनाला स्टिरिओचा काडीचा उपयोग नाही. ६४ केबीपीएस मोनोमध्ये एका चॅनलला तेवढेच बिट मिळतात जेवढे १२८च्या स्टिरिओमध्ये मिळतात. तासाला साधारण २९ एमबी लागतात, म्हणजे दहा तासांचं पुस्तक ३०० एमबीच्या आत बसतं. पेनड्राइव्ह आता एवढे स्वस्त आहेत की याहून खाली जाऊन जागा वाचवण्यात मला अर्थ दिसत नाही.

खाली का जाऊ नये याचं मराठीपुरतं एक कारण आहे. ‘चार’मधला च आणि ‘चारा’मधला च, किंवा स, श, झ, यांचा फरक आवाजाच्या वरच्या पट्टीत असतो. सॅम्पलिंग १६ किलोहर्ट्झवर आणलं की ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं, आणि त्यात बिटरेटही कमी असेल तर हे वर्ण एकमेकांत मिसळतात. तरुण कान संदर्भानं भरून काढतात. वयानुसार ज्यांची वरची पट्टी आधीच कमी झाली आहे त्यांना ते वाक्य पुन्हा ऐकावं लागतं. दिवसभर ऐकणाऱ्या माणसाला याचा फार थकवा येतो.

स्थिर बिटरेटचा आग्रहही उगाच नाही. बदलत्या बिटरेटच्या एमपी३मध्ये सुरुवातीला एक छोटी नोंद असते, तिच्यावरून प्लेअरला एकूण वेळ आणि कुठल्या मिनिटाला फाइलमध्ये कुठे उडी मारायची ते कळतं. काही प्लेअर ती नोंद वाचतच नाहीत, काही प्रोग्रॅम फाइल कापताना ती पुसून टाकतात. मग ४० मिनिटांचं प्रकरण प्लेअरवर भलत्याच लांबीचं दिसतं आणि पुढे-मागे केलं की वाचन कुठेही पोचतं. गाण्यात हे चालून जातं. पुस्तकात पुढे-मागे करणं हे रोजचं काम आहे.

मोनो करण्याआधी एक तपासणी मात्र कराच, विशेषतः कॅसेटवरून घेतलेल्या जुन्या रेकॉर्डिंगची. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून दोन्ही चॅनलचे तरंग मोठे करून बघा. एक चॅनल पूर्ण सपाट असेल तर मिश्रण करू नका, नाहीतर आवाज निम्मा होतो. भरलेला चॅनल तेवढा ठेवा. आणि एकातला तरंग वर जातो तिथे दुसऱ्यातला नेमका खाली जात असेल, तर वायर कुठेतरी उलटी जोडली गेली होती. असे दोन चॅनल एकत्र केले की ते एकमेकांना खातात आणि वाचणाऱ्याचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो, मागची खरखर तेवढी राहते. उपाय सोपा आहे: स्टिरिओ ट्रॅक दोन मोनो ट्रॅकमध्ये फोडा आणि एक काढून टाका.

घरच्यांच्या वाचनाबद्दल. व्हॉट्सअॅपवर बटण दाबून धरून पाठवलेला आवाज ऑपस कोडेकमध्ये ओजीजी डब्यात येतो. ऑपस हे तंत्र उत्तम आहे, २०१२ साली ते मानक झालं आणि कमी जागेत बोलणं साठवण्यात एमपी३च्या फार पुढे आहे. पण पेनड्राइव्ह लावायच्या साध्या प्लेअरना ते क्वचितच येतं, आणि व्हॉट्सअॅप बोलणं बरंच दाबूनच पाठवतं. जे रेकॉर्ड झालं आहे ते एमपी३ करून वापरा. पुढच्या पुस्तकासाठी घरच्यांना फोनच्या रेकॉर्डर अॅपवर वाचायला सांगा, आणि ती फाइल ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. तशी पाठवली की ती मूळ रूपात पोचते.

वाचकागणिक आवाजाची पातळी वेगळी असते. काकू हळू वाचतात, भाऊ जोरात वाचतो आणि बाबांना दर प्रकरणाला आवाजाचं बटण शोधावं लागतं. काही प्रोग्रॅम पातळी सारखी करण्यासाठी फाइलमध्ये फक्त एक सूचना लिहून ठेवतात, साधे प्लेअर ती सूचना पाळत नाहीत. एमपी३गेनसारखा प्रोग्रॅम एमपी३च्या आतली पातळी दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी थेट बदलतो, आणि त्यासाठी फाइल पुन्हा एन्कोड करावी लागत नाही. सगळं पुस्तक एकदम निवडा आणि सर्व फायलींना एकच पातळी द्या.

मोठ्या पुस्तकावर काम करताना मधला टप्पा म्हणून डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेल्या आवाजाची, फाइल बनवत असाल तर तिची मर्यादा माहीत असू द्या. साध्या डब्ल्यूएव्हीला ४ जीबीची भिंत आहे. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतो, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास फाइल संपते. त्यापुढे काही प्रोग्रॅम थांबतात, काही शेवट कापून टाकतात आणि तसं सांगतही नाहीत. दहा तासांच्या पुस्तकाचा शेवटचा भाग गायब झाला तर आधी इथे शंका घ्या. प्रकरणवार काम केलं तर हा प्रश्नच येत नाही.

क्रमाचं दुखणं फाइलमध्ये नाही, पेनड्राइव्हवर आहे. ‘१, १०, ११, २’ असा क्रम येत असेल तर आकड्यांपुढे शून्यं लावा: ००१, ००२, ०१०. हे आकडे इंग्रजी अंकांत टाका, देवनागरीत नकोत. तरीही क्रम चुकला तर तुमचा प्लेअर नावं बघतच नाही. पेनड्राइव्हवरच्या यादीत फायली ज्या क्रमानं लिहिल्या गेल्या त्याच क्रमानं तो वाजवतो. विंडोजमध्ये बऱ्याच फायली एकदम निवडून ओढल्या की माऊस जिच्यावर होता ती फाइल बहुधा आधी लिहिली जाते, म्हणून पुस्तक मधूनच सुरू होतं. पेनड्राइव्ह फॉरमॅट करून सगळं नव्यानं टाका, किंवा फॅटसॉर्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवा. तो आवाजाला हात न लावता फक्त ती यादी नावाप्रमाणे लावतो. नंतर मधे एखादी फाइल घातली तर फॅटसॉर्ट पुन्हा चालवावा लागतो.

पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला हवा. साधे प्लेअर एक्सफॅट आणि एनटीएफएस वाचत नाहीत. १६ किंवा ३२ जीबीचा घ्या, त्याहून मोठ्या ड्राइव्हला विंडोजच्या नेहमीच्या खिडकीत बहुधा फॅट३२चा पर्यायच मिळत नाही. वरच्या सेटिंगनं ३२ जीबीत हजार तासांहून जास्त वाचन मावतं. फायली मॅकवरून टाकत असाल तर अजून एक भानगड आहे: मॅक प्रत्येक फाइलच्या जोडीला टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल लिहितो. मॅकवर ती दिसत नाही, पण प्लेअरला ती एमपी३ वाटते आणि तो तिथेच अडकतो. बाबा म्हणतात ‘मशीन बंद पडलं’. पेनड्राइव्ह विंडोजला लावून लपलेल्या फायली दाखवा आणि त्या पुसा.

चौकोनांकडे वळू. नाव, लेखक, प्रकरण ही माहिती एमपी३मध्ये आयडी३ टॅगमध्ये असते. त्याची २.३ आवृत्ती देवनागरी युटीएफ-१६मध्ये साठवते, २.४ आवृत्तीत युटीएफ-८ही चालतं. या दोन्ही अक्षरं साठवण्याच्या पद्धती आहेत. जुनी उपकरणं २.४ वाचताना गडबडतात, म्हणून एमपी३टॅग या प्रोग्रॅममध्ये २.३ आणि युटीएफ-१६ निवडून टॅग पुन्हा लिहा. त्यानंतरही चौकोनच आले तर प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत आणि तिथे कुठलंच सेटिंग कामाचं नाही. काही प्लेअरमध्ये अक्षरं असतात पण जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी पडते. अशा वेळी मी रोमन लिपीत छोटं नाव देते. तसंही बाबांना पडदा वाचायचा नाही. मुखपृष्ठाचं चित्रही काढून टाका. मोठं चित्र फाइलच्या सुरुवातीला बसलेलं असतं आणि कमी मेमरीचा प्लेअर त्याच्यावर अडखळतो.

ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासाठी खरं शीर्षक आवाजात असायला हवं. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला पाच-सात सेकंदांची घोषणा टाका: पुस्तकाचं नाव, ‘प्रकरण तिसरं, भाग दोन’. शेवटी ‘भाग दोन समाप्त’. चुकून बटण दाबलं गेलं तरी आपण कुठे आहोत हे त्यांना स्वतःचं स्वतः कळतं, कुणाला हाक मारावी लागत नाही. मला विचाराल तर सगळ्या तांत्रिक सुधारणांपेक्षा या घोषणांचा उपयोग जास्त आहे.

राहिली ऐकलेल्या जागेची गोष्ट. एम४बीमध्ये अख्खं पुस्तक एका फाइलमध्ये असतं आणि प्रकरणांच्या खुणा आत असतात. साधा एमपी३ प्लेअर त्या खुणा वाचत नाही, आणि बंद करताना लक्षात ठेवलीच तर फार तर कुठली फाइल चालू होती तेवढं लक्षात ठेवतो. म्हणून फायली लहान हव्यात. मी दहा ते पंधरा मिनिटांचे तुकडे करते. त्याहून लहान केले तर घोषणाच जास्त ऐकू येतात, मोठे केले तर पुन्हा शोधायला लागतं. तुकडा वाक्याच्या मध्ये पडू नये. एमपी३डायरेक्टकट हा प्रोग्रॅम शांत जागा शोधून देतो आणि पुन्हा एन्कोड न करता कापतो, त्यामुळे आवाजाला धक्का लागत नाही. घोषणा जोडायच्या असतील तर त्या पुस्तकाच्याच सेटिंगनं रेकॉर्ड करा, म्हणजे ४४.१, मोनो, ६४. एकाच फाइलमध्ये दोन वेगळे सॅम्पलिंग रेट आले की पुन्हा तोच चिरका आवाज.

जाता जाता कुलूपबंद पुस्तकांविषयी. अॅपवर वर्गणी भरून ऐकायची पुस्तकं किंवा ऑडिबलच्या एएएक्स फायली कन्व्हर्टर उघडत नाही, कारण त्यांना कुलूप असतं. तो फॉरमॅटचा दोष नाही आणि ते कुलूप तोडण्याच्या वाटेला जाऊ नका. बाबांची दृष्टी छापील मजकूर वाचता येणार नाही इतकी अधू असेल तर त्यांच्यासाठी सरळ मार्ग आहे. २०१२च्या दुरुस्तीनं भारतीय कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी पुस्तकं सुलभ स्वरूपात आणायची मुभा दिली आहे, आणि अंधांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत २०१४मध्ये पहिला देश ठरला. सुगम्य पुस्तकालय हे २०१६मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय याच लोकांसाठी आहे.

तिथली बरीच पुस्तकं डेझी या, छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी बनवलेल्या, स्वरूपात असतात. डेझी २.०२च्या फोल्डरमध्ये एमपी३ फायली असतात आणि शिवाय एनसीसी नावाची अनुक्रमणिका आणि तिच्या नोंदी आवाजातल्या जागांशी जोडणाऱ्या स्माइल फायली असतात. डेझी प्लेअर किंवा फोनवरचं डेझी अॅप त्यांच्या आधारे प्रकरणावरून प्रकरणावर, काही पुस्तकांत पानावरून पानावरही उडी मारतं आणि थांबलेली जागा अचूक धरतं. साध्या प्लेअरवर टाकलंत तर नुसते एमपी३ वाजतील, बाकी फायली तो बघणार नाही. फोल्डरमधल्या फायलींची नावं बदलू नका, नाहीतर अनुक्रमणिकेचे धागे तुटतात. काही डेझी पुस्तकांत फक्त मजकूर असतो, आवाज नसतो. ती ऐकायला फोनवरचा मराठी वाचक-आवाज लागतो, त्यामुळे उतरवण्याआधी प्रकार बघून घ्या. बाबा रोज काही तास ऐकत असतील आणि बटणांची सवय करून घ्यायची त्यांची तयारी असेल, तर डेझी प्लेअर घ्यावा असं माझं मत आहे.

सध्याच्या प्लेअरवर मात्र एका वेळी एकच गोष्ट तपासा. अख्खं पुस्तक करण्याआधी एकाच प्रकरणाचे तीन तुकडे करा आणि ते बाबांच्याच प्लेअरवर लावा. क्रम बघा, पुढे-मागे करा, बंद करून पुन्हा सुरू करा. तुमच्या लॅपटॉपवर व्हीएलसीत वाजली याचा इथे काही उपयोग नाही, व्हीएलसी जवळपास सगळंच वाजवतो. तीन तुकडे नीट चालले की त्याच सेटिंगनं बाकीचं सगळं करा. एखादी फाइल तरीही अडली तर प्लेअरचं मॉडेल, पेनड्राइव्हचा फॉरमॅट आणि मीडियाइन्फोमधल्या व्हर्जन, सॅम्पलिंग रेट व बिटरेट या तीन ओळी मला कळवा, त्यावरून बहुतेक वेळा कारण सापडतं.